फुलपाखरांच्या दारावरची पाळी

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ६१ वर्षांच्या आहेत. भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ३४ वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर लेकीकडे अमेरिकेत राहायला गेल्या. गेले आठ महिने दर गुरुवारी त्या तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात, फुलपाखरांच्या काचघरात स्वयंसेविका म्हणून जातात. एका वेळी आत पाचशेच्या आसपास फुलपाखरं आणि पतंग असतात. संग्रहालय उघडण्याआधी जमिनीवरची मेलेली वेचायची आणि मग चार तास बाहेर पडायच्या दाराशी उभं राहून कुणाच्या कपड्यांवर, पिशवीवर फुलपाखरू बसून चाललंय का ते बघायचं, असं त्यांचं काम. मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी ३१ वेचली. त्या लिहितात, "हजारो मैलांवरून कोश मागवायचे, पंधरा दिवस लोकांना दाखवायचे आणि मग केरात. मी कसल्या तुरुंगाची राखण करतेय? कधी कधी वाटतं, दोन्ही दारं उघडी टाकावीत." लेक म्हणते, "आई, तुला फुकटात राबवतात." त्यातच एका लहान मुलाने नुकत्याच बाहेर आलेल्या फुलपाखराखाली लाल थेंब पाहून विचारलं, हे रक्त आहे का? ताईंना इंग्रजीत पटकन सांगता आलं नाही आणि शेजारच्या तरुण स्वयंसेवकाने उत्तर दिलं. हे काम सोडावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते फुलपाखरांच्या मरणाविषयी वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की मेलेली फुलपाखरं एका परिच्छेदात आहेत आणि दार चार परिच्छेदांत. "दारावर उभं केलंय", "दारावरची बाई", "दाराच्या अलीकडे मला कुणी विचारत नाही". म्हणजे तुमच्या मनात प्रश्न दोन आहेत. या जिवांना असं आणणं योग्य आहे का, हा एक. आणि ३४ वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईला इथे कुणी शिकवायला का सांगत नाही, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत. पण दुसऱ्याची खंत पहिल्याच्या नावावर काढून राजीनामा देऊ नका, नाहीतर काम सुटेल आणि खंत तशीच राहील.

आधी फुलपाखरं. तुम्ही विज्ञान शिकवलंय, तर त्या ३१ ला एक भागाकार करून बघू. आत ५००, आणि यातल्या बहुतेक जातींचं पंख फुटल्यानंतरचं आयुष्य धरा दोन आठवडे. पाचशेला चौदाने भागलं की रोजची पस्तीसेक येतात. काही जाती जास्त जगतात, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल. तुमची ३१ म्हणजे अपघात नव्हे, ते त्या घराचं रोजचं गणित आहे. वेचताना हाताला जे वाटतं ते या गणिताने थांबत नाही, हे मला माहीत आहे. मीही चार हिवाळे अशाच एका काचघरात शनिवारची पाळी केली आहे. पंख ट्रेमध्ये पडतात तेव्हा वाळल्या पानासारखा बारीक आवाज येतो. तो आवाज मला अजून आठवतो.

तिथे मी एक छोटी वही ठेवली होती. तारीख, आकडा, कुठल्या कोपऱ्यात सापडली, एवढंच. एका शनिवारी आकडा एकदम दुप्पट झाला. बहुतेक सगळी एकाच बाजूला, पंख कडक झालेली. चौकशी केली तर रात्री त्या बाजूचे पाण्याचे फवारे बंद पडले होते आणि हवा कोरडी झाली होती. आदल्या आठवड्यांचे आकडे नसते तर "आज जरा जास्त दिसतायत" म्हणून झाडून टाकली असती. तुम्हीही वही ठेवा. मरण मोजणं क्रूर वाटेल, पण काहीतरी बिघडलंय हे त्या आकड्यातूनच सगळ्यात आधी कळतं आणि तो आकडा फक्त सकाळी वेचणाऱ्याच्या हातात असतो.

आता "पंधरा दिवस". तुमच्या वाक्यात असं गृहीत आहे, की आयुष्य काचेमुळे तोकडं झालं, बाहेर ते लांब असतं. तुमच्या काचघरात तो भलामोठा ॲटलास पतंग असेलच, वीतभर पंखांचा, पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखी नक्षी असलेला. त्याला खाण्यासाठी कामाची सोंडच नसते. अळी असताना जे खाल्लं त्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो, जंगलात असो की तुमच्याकडे. मादी एका जागी बसून गंध सोडते, नर पिसासारख्या मिशांनी तो गंध शोधत येतो, अंडी घातली की संपलं. उलट त्याच घरातली लांबट पंखांची, काळ्यावर लाल-पिवळे पट्टे असलेली हेलिकोनियस फुलपाखरं कित्येक महिने जगू शकतात, कारण ती मधाबरोबर परागही खातात. पुढच्या गुरुवारी बघा, एखाद्याच्या सोंडेच्या बुडाशी पिवळा गोळा दिसेल. एकाच छताखाली एकाचं आयुष्य आठवड्याचं आणि एकाचं महिन्यांचं. काच दोघांना सारखीच आहे.

हे तुम्हाला नवं नाही खरं तर. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, की लहानपणी मामाच्या गावी ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या असायच्या आणि माणसं दिवसभर पाखरं हाकत बसायची. तो आपला कोसा, म्हणजे टसर रेशीम. त्याचा पतंग आणि हा ॲटलास एकाच कुळातले. तोही पंख फुटल्यावर काही खात नाही. आणि कोशाचा अखंड धागा काढायचा तर आतला जीव बाहेर पडायच्या आधीच वाफेने मारावा लागतो, हेही तुम्ही पाहिलेलं असणार. कोशाची साडी नेसणाऱ्या कुणाला मी दोष देत नाही, माझ्याकडेही एक आहे. तुमच्या काचघरातल्या पतंगाला निदान पंख फुटतात, एवढंच दाखवायचं होतं.

तुमची दुसरी समजूत अशी, की हे कोश कुणीतरी जंगलातून ओरबाडून आणले. बहुतेक काचघरांत ते शेतावर वाढवलेले असतात. कोस्टा रिका, केनिया, फिलिपिन्स, मलेशिया या देशांत माणसं फुलपाखरांची अंडी जाळीच्या खोलीत वाढवतात आणि कोश कापसात बसवून विमानाने पाठवतात. केनियात किनाऱ्याजवळ अराबुको-सोकोके नावाचं जंगल आहे. तिथे १९९३ मध्ये किपेपेओ नावाचा प्रकल्प सुरू झाला. किपेपेओ म्हणजे स्वाहिलीत फुलपाखरू. जंगलाच्या कडेची शेतकरी कुटुंबं कोश विकून पैसे मिळवू लागली, आणि फुलपाखरांना जंगलातलीच झाडं लागतात म्हणून जंगल टिकण्यात त्यांचा स्वार्थ तयार झाला. आणखी एक हिशेब मांडा. मादी शंभर-दोनशे अंडी घालते. तरी जंगलातली संख्या पिढ्यान्‌पिढ्या साधारण तेवढीच राहते, म्हणजे सरासरी दोनच पक्ष्या-गांधीलमाश्यांतून वाचून पंखांपर्यंत पोचतात. जाळीच्या खोलीत त्याच अंड्यांतली कितीतरी जास्त पोचतात.

तरीही सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. प्रवासात काही कोश मरतात. काहींतून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी निघते. गर्दीच्या दिवशी पायाखाली चिरडतात. आणि सगळीच संग्रहालयं सारखी काळजी घेत नाहीत. म्हणून तुमच्या समन्वयकाला सरळ विचारा: कोश कुठून येतात आणि ते शेतावरचेच आहेत हे कशावरून? शंभर कोशांतून किती फुलपाखरं निघतात? आणि एका वेळी आत किती माणसं सोडायची हे कोण ठरवतं? हे आगाऊपणाचे प्रश्न नाहीत. आठ महिने मेलेली वेचणाऱ्या माणसाला ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. चांगल्या ठिकाणी लोक आनंदाने नोंदवह्या उघडून दाखवतील, कोशांची खोलीही दाखवतील. टोलवाटोलवी झाली, दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर खुशाल सोडा. मीही सोडलं असतं.

आता दार. "दोन्ही दारं उघडी टाकावीत" हे वाक्य वाचून मी जरा दचकले, कारण त्या दाराची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. सांगायला हवी होती.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावात एत्येन लिओपोल्ड ट्रूव्हेलो नावाचा फ्रेंच गृहस्थ राहायचा. पुढे तो आकाशातल्या ग्रह-ताऱ्यांच्या सुंदर चित्रांसाठी नावाजला गेला. पण त्या वेळी त्याला रेशमाचा नाद होता. त्यासाठी त्याने युरोपातून एका पतंगाची अंडी आणली आणि घरामागे अळ्या वाढवल्या. त्यातल्या काही निसटल्या. एवढंच झालं, कुणी मुद्दाम काही केलं नाही. १८८९ पर्यंत त्या गावात अळ्यांनी झाडं उघडीबोडकी केली होती, घरांच्या भिंतींवर अळ्यांचे थर चढत होते. तो पतंग आज दीडशे वर्षांनंतरही अमेरिकेच्या ईशान्येकडची ओकची जंगलं खातोय. स्पंजी मॉथ म्हणतात त्याला.

ते लांबचं वाटत असेल तर आपल्या घरचं उदाहरण घ्या. अंगणातल्या लिंबाच्या रोपावर येतं ते पिवळट ठिपक्यांचं काळं फुलपाखरू आपण कौतुकाने बघतो, त्याच्या अळ्यांनी चार पानं खाल्ली तरी कुणाचं बिघडत नाही. तेच फुलपाखरू २००४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं आणि तिथून कॅरिबियन बेटांवर पसरलं. तिथे ते संत्र्या-लिंबांच्या रोपांची कीड झालं आहे.

म्हणून अमेरिकेत परदेशी फुलपाखरं ठेवायला कृषी खात्याचा परवाना लागतो. दोन दारं, मधली छोटी खोली, आरसा, कपडे तपासणारं माणूस, हे सगळं त्यातूनच आलं आहे. आत सहसा अळ्यांना खायची झाडं लावत नाहीत तेही याच कारणाने, मादीने अंडी घालू नयेत म्हणून. दार उघडं टाकलंत तर थंड प्रदेशात बहुतेक फुलपाखरं दोन दिवसांत मरतील, आणि जे जगेल त्याची भीती जास्त. तुम्ही ज्याला राखण म्हणता ती दोन्ही बाजूंची आहे. कुणाच्या हुडीच्या टोपीत, बाबागाडीच्या घडीत, ओढणीच्या चुण्यांत बसलेलं एक निळं मॉर्फो, पंख मिटल्यावर निव्वळ तपकिरी दिसणारं, ते शोधायला नजर लागते. ती नजर तुम्हाला आहे म्हणूनच कदाचित तुम्हाला तिथे ठेवलं असेल. कदाचित तसं नसेलही, आणि तुमचे उच्चार ऐकून कुणीतरी सोयीस्कर जागा दिली असेल. मला कळायला मार्ग नाही. तुम्ही विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

तेव्हा विचारा. कोशांतून फुलपाखरं बाहेर येताना लोक जिथून बघतात, ती कोशांची खिडकी. आठ महिन्यांत तुम्ही एकदाही "मला कोशांच्या खिडकीपाशी उभं राहायचंय" असं म्हणालेल्या नाहीत, निदान पत्रात तरी तसं नाही. आपल्याकडे ज्येष्ठ माणसाने मागायचं नसतं, समोरच्याने ओळखून द्यायचं असतं. तिथे न मागणाऱ्याचा अर्थ सरळ "हिला इथे बरं वाटतंय" असा घेतात. एक छोटी ईमेल लिहा: मी ३४ वर्षं विज्ञान शिकवलं आहे, दोन तास दारावर आणि दोन तास खिडकीपाशी अशी पाळी मिळेल का, सुरुवातीला दुसऱ्या कुणाबरोबर उभी राहीन. बस. लेकीकडून व्याकरण तपासून घ्या, पण ईमेल तुमच्याच नावाने जाऊ दे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मुलांचे प्रश्न दहा-बाराच असतात आणि ते फिरून फिरून तेच येतात. हे चावतं का? हात लावला तर मरतं का? हे खातं काय? पतंग आणि फुलपाखरू यांत फरक काय? प्रत्येकाचं उत्तर दोन वाक्यांत लिहून पाठ करा, शाळेत धड्याचं टाचण काढायचात तसं. हात लावण्याबद्दल खरं तेच सांगा: लगेच मरत नाही, पण पंखांवरची पावडर म्हणजे बारीक खवले असतात आणि गेलेले खवले परत येत नाहीत. आणि सगळं शब्दांतच सांगायला हवं असं कुठे आहे? ते जमिनीवर बसलेलं दिसलं तर त्याच्या पुढे बोट धरा, पायांनी चव घेत ते चढतं, आणि मग मूल आपोआप गप्प होतं.

तुमच्या कोशाच्या साडीचा एखादा तुकडा असेल तर परवानगी काढून तो खिडकीपाशी ठेवा. ॲटलासच्या कोशाशेजारी कापड दिसलं, की लोक स्वतःहून विचारतात. त्या संग्रहालयात मामाच्या गावची ऐनाची झाडं दुसऱ्या कुणाला सांगता येणार आहेत? गावाहून कोसे मात्र मागवू नका आणि मेलेली फुलपाखरं घरी आणू नका, नातीसाठीसुद्धा. ती गोठवून नियमाप्रमाणेच टाकावी लागतात. शाळांसाठी वापरता येतील का, हे तिथल्याच लोकांना विचारा.

लेकीवर रागावू नका. तिला दिसतं ते असं: दमट, उकाड्याच्या खोलीत चार तास उभी राहून गुरुवारी संध्याकाळी पाय सुजवून घरी आलेली आई. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. तुम्ही गेला नाहीत तर त्या दाराशी पगारी माणूस उभा करावा लागेल, म्हणजे तुमच्या वेळेला किंमत आहे. ती पैशात मिळणार नसेल तर दुसऱ्या रूपात मागा. बसायला उंच स्टूल, तासाने दहा मिनिटं थंड हवेत बाहेर जायची मुभा, कर्मचाऱ्यांसाठी असतात त्या व्याख्यानांना बसायची परवानगी. एखाद्या गुरुवारी लेकीला सुट्टी काढून आत बोलवा. तिने तुम्हाला शेवटचं शिकवताना कधी पाहिलं होतं?

याच वाटेवरच्या इतर वाचकांसाठी थोडं. परदेशात मुलांकडे व्हिसावर गेलेल्यांनी स्वयंसेवेचा अर्ज भरण्याआधी आपल्या व्हिसाला ती चालते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. "बिनपगारी आहे म्हणजे चालतं" हे गृहीत धरू नका. सांधे किंवा दमा असेल तर आधी तासभर आत फिरून बघा, काचघरात साधारण २७ अंश आणि भरपूर दमटपणा असतो. आणि महाराष्ट्रात राहून हे करावंसं वाटतं अशांना काचघराची गरजच नाही. ठाण्याजवळ ओवळेकर वाडीसारखी उघडी फुलपाखरू उद्यानं आहेत, तिथे फुलपाखरं स्वतःच्या पंखांनी येतात नि जातात. कढीपत्त्याची कुंडी आणि रस्त्याकडेची रुई, एवढ्यावर दोन-तीन जाती येतात. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पावसाळ्यात गच्चीवर पांढरी चादर बांधून मागे दिवा लावा, पतंगांची यादी करायला एक रात्र पुरत नाही. जुलैच्या अखेरीस जगभर पतंग सप्ताह पाळतात, सप्टेंबरात भारतात फुलपाखरू महिना असतो. नोंदी करणारी माणसं तेव्हा हवीच असतात.

तुमच्याकडे परत येते. माझं मत विचारलंत तर अजून तीन महिने जा. ईमेल लिहा, ते तीन प्रश्न विचारा, वही ठेवा. तीन महिन्यांनी वही आणि उत्तरं समोर ठेवून ठरवा. तेव्हा सोडावंसं वाटलं, तर ते फुलपाखरांसाठी आहे की दारासाठी, हे तुम्हाला नीट सांगता येईल.

आणि तो लाल थेंब. तो मुलगा परत येणार नाही, पण तसाच दुसरा पुढच्या गुरुवारी येईल. त्याच्याजवळ खाली बसा आणि सांगा, हे रक्त नाही. फुलपाखरू इतके दिवस आत बंद होतं, आत शू कुठे करणार? बाहेर आल्या आल्या केली. पाच वर्षांच्या मुलाला हे जगातल्या कुठल्याही भाषेत, कितीही मोडक्या शब्दांत कळतं. मग त्याला पंख दाखवा. ओले, चुरगळलेले, पोटापेक्षा लहान. त्याच्या आईला सांगा, वीस मिनिटं थांबा, ते उघडतायत.